गॅलरीतले कंदीलपुष्प

सेरोपेजिया वुडी ही दक्षिण आफ्रिकेतली लोंबती, रसाळ वेल आहे. तारेइतके बारीक जांभळट खोड, त्यावर समोरासमोर आलेली पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची पानांची जोडी आणि पेराशी मण्याएवढी गाठ, एवढ्या तीन खुणांवरून ती ओळखता येते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या रस्त्याकडेच्या नर्सऱ्यांत ती ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ म्हणून मिळते. विकणारा आणि घेणारा दोघांचेही लक्ष असते ते पानांकडे. फूल आले तरी बहुतेक घरांत ते कोणाच्या नजरेत भरत नाही, कारण ते जेमतेम पेरभर लांबीचे आणि मळकट गुलाबी असते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र या वेलीतली पाहण्यासारखी गोष्ट ते फूलच आहे, आणि त्या फुलाचे सख्खे भाईबंद याच उपनगरांच्या पाठीशी असलेल्या डोंगरांवर दर पावसाळ्यात फुलतात.

ही वेल मूळची दक्षिण आफ्रिका, एस्वातिनी आणि झिम्बाब्वे या भागांतली. १८८१ मध्ये जॉन मेडली वुड यांना ती नाताळ प्रांतातल्या ग्रोएनबर्ग या डोंगरावर, सुमारे १८०० फूट उंचीवर, खडकांवरून लोंबताना सापडली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले सर्वांत उंच ठिकाण, जांभूळमाळ, पंधराशे फुटांच्या थोडे वर आहे. ग्रोएनबर्गची ती जागा त्याहून फार उंच नव्हे. वुड पुढे डर्बनच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख झाले. १८९४ मध्ये रुडॉल्फ श्लेश्टर या बाविशीतल्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि जातीला वुड यांचे नाव दिले. त्याच वर्षी ती लंडनजवळच्या क्यू उद्यानात पोचली. आदल्याच वर्षी, १८९३ मध्ये, एक तरुण गुजराती बॅरिस्टर मुंबईहून बोटीने डर्बनला उतरला होता. हिंदी महासागराच्या या दोन बंदरांत माणसांची ये-जा तेव्हा भरपूर होती. वेल मात्र मुंबईत बहुधा पुष्कळ नंतर आली.

वुड यांच्या नावाची आणखी एक वनस्पती प्रसिद्ध आहे, आणि तिचे नशीब अगदी उलटे. १८९५ मध्ये ओंगोये जंगलात त्यांना सायकस वर्गातल्या एका झाडाचा एकुलता एक पुंजका सापडला. तो नर निघाला. एन्सेफालार्टोस वुडी हे त्याचे नाव. त्यानंतर आजवर त्या जातीची मादी कुठेच सापडलेली नाही. जगभरच्या उद्यानांत आज जी झाडे आहेत ती सगळी त्या एकाच नराची पिल्ले. खडकावर सापडलेली क्षुल्लक वेल मात्र जगभरच्या खिडक्यांत पोचली. काही वनस्पतिशास्त्रज्ञ तिला स्वतंत्र जाती न मानता सेरोपेजिया लिनियारिस या जातीची उपजाती मानतात, त्यामुळे पुस्तकांत दोन्ही नावे भेटतात. बागकाम करणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

खोड दोन ते चार मीटरपर्यंत वाढते. सेरोपेजियांपैकी पुष्कळ जाती आधाराला वेढे देत वर चढतात; ही मुख्यतः खाली लोंबते किंवा जमिनीवर पसरते. खडकाच्या कडेवरून खाली सुटायचे हा तिचा मूळचा स्वभाव, आणि उपनगरातल्या खिडकीबाहेरची लोखंडी ग्रिल ही त्या कडेची बरीचशी नक्कल आहे. दोन पेरांमधले अंतर उजेडावर ठरते. भरपूर उजेड असला की पाने दाट येतात. उजेड कमी पडला की खोड नुसतेच लांबत जाते, पाने विरळ आणि फिकट होतात, आणि वेल केसांच्या बटेसारखी दिसण्याऐवजी सुतळीचा गुंता वाटू लागते.

पाने एक ते दोन सेंटिमीटर लांब, जाडसर. वरची बाजू गडद हिरवी आणि तिच्यावर शिरांच्या मधल्या जागेत चांदीसारखी नक्षी. खालची बाजू जांभळी. कोवळ्या उन्हात वाढलेल्या वेलीवर नक्षी स्पष्ट उठते आणि खालचा जांभळा रंग गडद होतो. गुलाबी-पांढरी कडा असलेला एक प्रकार अलीकडे नर्सऱ्यांत जास्त भावाने विकला जातो. पानाच्या ज्या भागात हरितद्रव्य नाही तो भाग अन्न तयार करत नाही, म्हणून हा प्रकार सावकाश वाढतो आणि त्याला उजेडही जास्त लागतो. भाव जास्त असण्याचे खरे कारण एवढेच.

पाने रसाळ म्हटली जातात, पण या वेलीचा खरा साठा पानांत नसून कंदांत आहे. मातीत, बुंध्याशी, बटाट्यासारखा चपटा-गोल कंद असतो आणि तो वर्षागणिक वाढतो. त्याशिवाय खोडाच्या पेरांवर, पानांच्या बगलेत, छोटे हवाई कंद धरतात: करड्या रंगाचे, कडक, ज्वारीच्या दाण्यापासून मोठ्या वाटाण्याएवढे. त्यांच्यामुळेच वेलीला इंग्रजीत जपमाळेची वेल असेही म्हणतात. अशा एका मण्याकडे जवळून पाहिले तर त्याच्या खालच्या अंगाला मुळांचे बारीक पांढरे ठिपके दिसतात. हवा दमट असली तर ते ठिपके कुंडीला न टेकताच मिलिमीटरभर बाहेर येऊन थांबलेले असतात. कड्यावर या रचनेचा उपयोग उघड आहे. वारा किंवा जनावर खोड तोडते, तुकडा खालच्या फटीत पडतो, आणि त्या तुकड्याबरोबर पाणी आणि अन्नाची शिदोरीही पडते. फटीत मूठभर माती असली तरी पुरे. स्टॅपेलियासारख्या दुर्मीळ आणि नाजूक मुळांच्या वनस्पती जोपासणारे लोक याच कंदाचा खुंट म्हणून वापर करून त्यावर कलम बांधतात, इतका तो चिवट आहे.

नाताळमध्ये पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. कंद आहे तो त्या कोरड्या महिन्यांसाठी. सह्याद्रीतही पावसाचा हंगाम एकच आणि कोरडे महिने सातेक. त्यामुळे दोन्हीकडच्या सेरोपेजियांनी कंद करावा यात नवल नाही. फरक आहे तो खर्चाच्या हिशेबात: आफ्रिकन वेल कोरड्या दिवसांतही पाने सांभाळून हळूहळू जगते, तर सह्याद्रीतल्या बहुतेक जाती दिवाळीच्या सुमारास जमिनीवरचे सगळे सोडून देतात आणि जूनपर्यंत कंदातच राहतात.

आता फूल. वेल खाली लोंबत असली तरी फुलाचा देठ वाकून वर वळतो आणि फूल आकाशाकडे तोंड करून उभे राहते. तळाशी फुगीर गोल, वर अरुंद नळी, आणि टोकाला पाच गडद जांभळ्या पाकळ्या. या पाकळ्या इतर फुलांसारख्या उघडून पसरत नाहीत. त्या टोकाशी एकमेकींना जुळलेल्या राहतात आणि त्यांच्यामध्ये पाच झरोके उरतात. झरोक्यांच्या कडांना बारीक केस. मराठीत या प्रजातीच्या फुलाला कंदीलपुष्प म्हणतात ते याच घडणीमुळे.

पण या कंदिलात दिवा नाही, सापळा आहे. फुलाच्या वासाने चिलटांच्या आकाराच्या माश्या येतात आणि झरोक्यातून आत शिरतात. नळीच्या आतला पृष्ठभाग गुळगुळीत, मेणचट असतो आणि त्यावरचे केस खालच्या दिशेने रोखलेले असतात. माशी खाली घसरत जाऊ शकते, वर चढू शकत नाही. तळाच्या फुगीर कोठडीची भिंत काही ठिकाणी पातळ आणि पारदर्शक असते, तिथून उजेड आत येतो. अडकलेली माशी उजेडाकडे धावते, म्हणजे बाहेरच्या वाटेकडे न जाता फुलाच्या पुंकेसर-स्त्रीकेसरांच्या स्तंभाकडेच ओढली जाते. तिथे थोडा मधुरसही असतो. तो चाटताना तिची सोंड स्तंभावरच्या एका चिंचोळ्या खाचेत अडकते आणि ओढून काढताना सोंडेला परागांची जोडी चिकटून येते. सेरोपेजियाचे पराग सुट्ट्या पिठासारखे नसतात. ते दोन-दोनच्या जोडीने मेणचट पिंडांत बांधलेले असतात आणि प्रत्येक जोडीला वर एक चिमटा असतो. एका फुलात अशा पाच जोड्या. माशीच्या सोंडेला चिमटा बसला की पिंड बरोबर गेला.

माशी आत मरावी हा फुलाचा हेतू नाही. मेली तर पराग पुढे नेणार कोण? एखाद्या दिवसाने, कधी त्याहून उशिरा, नळीतले केस सुकून लुळे पडतात, उभे असलेले फूल कलते आणि वाट मोकळी होते. सुटलेली माशी त्यातून काही शिकत नाही. ती दुसऱ्या फुलात शिरते आणि तिथल्या खाचेत आधीचा पिंड बसवते. ऑस्ट्रियन-जर्मन परंपरेतले परागणशास्त्रज्ञ श्टेफान फोगेल यांनी १९६१ मध्ये सेरोपेजियाच्या या सापळ्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, आणि या विषयावर आजही तोच पाया मानला जातो. घरातल्या घरात खात्री करून घ्यायची तर ताजे फूल ब्लेडने उभे चिरून भिंगाखाली पाहावे. पांढरे केस आणि मधला स्तंभ स्पष्ट दिसतो, आणि खिडकी उघडी राहिली असेल तर तळाशी एखादे चिलट चालताना सापडते.

वासाची लबाडी किती पुढे जाऊ शकते हे याच वेलीच्या एका आफ्रिकन बहिणीत दिसते. सेरोपेजिया सँडरसोनी हिचे फूल मोठे, छत्रीसारखे. काही लहान माश्या कोळ्याने पकडलेल्या मधमाशीच्या अंगातून झिरपणाऱ्या रसावर जगतात. जखमी मधमाशी धोक्याचा जो वास सोडते त्यावरून त्या तिला शोधतात. सेरोपेजिया सँडरसोनीचे फूल हुबेहूब त्याच वासाची द्रव्ये तयार करते, हे २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. माशी मेजवानीच्या आशेने येते आणि नळीत पडते. फसवणूक करणारी फुले जगात पुष्कळ आहेत, पण मरणाऱ्या मधमाशीचे सोंग घेणारे फूल सापडणे ही वनस्पतिशास्त्रातल्या अलीकडच्या सुरस शोधांपैकी एक गोष्ट म्हणावी लागेल.

परागण साधले तर जोडीने बारीक लांब शेंगा धरतात. त्या तडकल्या की आतून चपटे बी बाहेर पडते आणि प्रत्येक बीला रेशमी केसांचा झुबका असतो. ही तीच म्हातारी, जी मुले वाऱ्यावर पकडतात. रुईचीही अशीच असते. हे साम्य योगायोगाचे नाही. शनिवारी मारुतीला ज्या रुईच्या पानांची माळ घालतात ती रुई, औषधी अनंतमूळ, कुंपणावरची उतरण, रानातली हरणदोडी आणि ही आफ्रिकन वेल एकाच कुलातली. जुन्या पुस्तकांत या कुलाला अॅस्क्लेपियाडेसी म्हणत. आता ते सदाफुली आणि कण्हेरीच्या अॅपोसायनेसी कुलात मिळवले गेले आहे. रुईच्या फुलातही परागांची जोडी चिमट्याने बांधलेली असते. फक्त तिथे गिऱ्हाईक मोठा काळा भुंगा असतो आणि त्याला कोंडून ठेवायची गरज नसते. कुलाची ही ओळख कीटकांनाही आहे: रुईवर अंडी घालणारे बिबळ्या कडवा हे फुलपाखरू सेरोपेजियावरही अंडी घालते, आणि कण्हेर-रुईवरचा पिवळा मावा गॅलरीतल्या या वेलीच्या कोवळ्या शेंड्यांवर येतो.

प्रजातीच्या सीमेबद्दल मात्र सध्या एकमत नाही. २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले पीटर ब्रॉइन्स आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे स्टॅपेलिया, कॅरॅलुमा, ब्रॅकिस्टेल्मा अशा शेजारच्या प्रजाती सेरोपेजियातच सामावून घेतल्या. तसे मानले तर दख्खनच्या माळावरचे माकडशिंगही सेरोपेजिया ठरते. वंशावळीच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबर असेलही. पण काटे नसलेल्या निवडुंगासारखे मांसल माकडशिंग आणि कंदीलधारी वेल यांना एकच नाव देऊन रानात फिरणाऱ्याची सोय होत नाही, आणि भारतातले पुष्कळ अभ्यासक अजून जुन्या अर्थानेच सेरोपेजिया म्हणतात. येथेही तोच अर्थ घेतला आहे.

या जुन्या अर्थाने भारतात पन्नासहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा पश्चिम घाटात. लिनियसने ही प्रजाती उभी केली तीच मुळी मलबारच्या सेरोपेजिया कँडेलाब्रम या वेलीवरून. म्हणजे आफ्रिकन वेल भारतात पाहुणी असली तरी प्रजातीचे नाव भारतीय वेलीवरूनच पडले आहे. महाराष्ट्रात गुराखी आणि कातकरी-ठाकर यांच्या बोलीत खरचुडी असे नाव ऐकू येते, आणि कंद चवदार म्हणून तो खणून खाल्लाही जातो. विल्यम रॉक्सबर्गने १७९५ मध्ये सेरोपेजिया बल्बोसाचे वर्णन केले तेव्हाही लोक हिचा कंद खातात याची नोंद करायला तो विसरला नाही.

सह्याद्रीतल्या या जातींचे पत्ते वाचले तर गडकिल्ल्यांची यादी वाचल्यासारखे वाटते. सेरोपेजिया लावी हरिश्चंद्रगडाची, सेरोपेजिया मॅककॅनी सिंहगडाची, सेरोपेजिया रोली आणि सेरोपेजिया महाबळेई जुन्नरच्या डोंगरांतल्या, सेरोपेजिया पांचगणीएन्सिस नावाप्रमाणेच पाचगणीची. नाशिकजवळच्या अंजनेरीवरची सेरोपेजिया अंजनेरिका २००६ मध्ये शास्त्राला माहीत झाली, आणि विशाळगडावर सापडलेल्या एका जातीला अगदी अलीकडे कोल्हापूरच्या अभ्यासकांनी शिवाजी महाराजांचे नाव दिले. याला कारण इतिहासापेक्षा भूगोल. कातळाच्या उतारावर, कड्याच्या पट्टीवर गुरे सहजी पोचत नाहीत आणि नांगर तर नाहीच नाही. सपाटीवर जे संपले ते तिथे उरले. यांतल्या कितीतरी जाती जगात त्या एक-दोन डोंगरांपलीकडे कुठेच नाहीत.

या कड्यावरच्या जातींपैकी पुष्कळ वेलीही नव्हेत. गवतात उभी राहणारी वीतभर काडी, दोन-चार अरुंद पाने आणि वर एक-दोन कंदील. गवत उंच झाले की त्यातून फूल शोधायला सरावलेली नजर लागते. मुंबईच्या जवळच्या जाती मात्र वेलीच आहेत. येऊरच्या बाजूला, मुलुंड-ठाण्याकडून राष्ट्रीय उद्यानाच्या ज्या कडा दिसतात तिथल्या झुडपांवर, ऑगस्ट-सप्टेंबरात सेरोपेजिया विंकिफोलिया वेढे देत चढते. तिचे फूल गॅलरीतल्या फुलापेक्षा मोठे, फिकट आणि जांभळ्या ठिपक्यांचे, पण घडण तीच: फुगीर तळ, नळी, जुळलेल्या पाच पाकळ्या, खाली रोखलेले केस. दक्षिण आफ्रिकेतल्या फुलाचे काम ज्याला समजले त्याला येऊरचे फूल वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

या वनस्पतींच्या अभ्यासात मुंबईचा वाटा मोठा आहे, आणि तो उपनगरांतल्या शाळांत कोणी सांगत नाही. सेंट झेवियर्स महाविद्यालयातले फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चार्ल्स मॅककॅन यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची उजळणी केली. पाचगणीची जाती त्यांनीच वर्णिली, आणि सिंहगडच्या जातीला पुढे मॅककॅन यांचे नाव मिळाले. फादर सांतापाव आणि इराणी यांचा या कुलावरचा ग्रंथ १९६२ मध्ये मुंबई विद्यापीठाने काढला. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे एम. वाय. अन्सारी यांनी १९८४ मध्ये भारतातल्या सगळ्या सेरोपेजियांचा आढावा प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींच्या नावापुढे अन्सारींचे नाव आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे पश्चिम घाटातल्या जाती उद्यानात जमवून त्यांची रोपे वाढवण्याचे काम केले. नुसती नोंद करून न थांबता रोप परत डोंगरावर नेण्याची ही दृष्टी आधीच्या पिढ्यांत क्वचितच होती.

गॅलरीतल्या वेलीची जोपासना तिच्या मूळच्या हवामानाकडे पाहून करावी, नर्सरीवाला सांगेल तशी नव्हे. उन्हाळ्यातला पाऊस आणि कोरडा हिवाळा ही तिची सवय मुंबईला जुळते; जुळत नाही ते पावसाचे प्रमाण. सांताक्रूझच्या वेधशाळेत एकट्या जुलैची सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर जाते. ग्रोएनबर्गवर एका महिन्यात एवढे पाणी पडत नाही. तिथे पडलेले पाणी कड्यावरून लगेच निघूनही जाते. कुंडीत ते थांबते. म्हणून जून लागताना टांगती कुंडी छताच्या आत घ्यावी आणि सप्टेंबर सरेपर्यंत बोट मातीत खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. निव्वळ कोकोपीटमध्ये विकलेली वेल पावसाळ्यात हमखास जाते, कारण कोकोपीट आठवडाभर ओले राहते. निम्मी जाड वाळू किंवा विटांचा चुरा, थोडे शेणखत आणि उरलेली साधी माती, एवढे मिश्रण पुरते. कुंडी खोल नको, उथळ हवी. कंद वरच राहतात.

वेल सडू लागली की आधी पाने मऊ आणि पिवळी होतात. तेव्हा पाणी कमी पडले असे समजून बहुतेक जण आणखी पाणी घालतात आणि वेल संपते. तहानलेल्या वेलीची पाने पातळ होतात, सुरकुततात, पण हिरवी राहतात. शंका आली तर कंद दाबून पाहावा. कडक असेल तर पाणी द्यावे, मऊ लागला तर पाणी थांबवून वरचे धड मणी काढून घ्यावेत. कुंडीखालची बशी पावसाळ्यात काढूनच टाकावी. ती बशी कंदालाही वाईट आणि डेंग्यूच्या डासाला चांगली. पालिकेची माणसे दरवर्षी नेमकी तीच पाहायला येतात.

पूर्वेची गॅलरी सर्वांत उत्तम, सकाळचे दोन-तीन तास ऊन मिळाले की नक्षी उठते. पश्चिमेचे एप्रिल-मेचे दुपारचे ऊन पाने भाजते. वर्सोव्याच्या बाजूला खारी हवा पानांवर बसते, तिथे अधूनमधून पाने साध्या पाण्याने धुवावीत. कीड म्हणाल तर पिठ्या ढेकूण. तो पेराच्या बगलेत, नेमका मण्यापाशी, कापसासारखा बसतो आणि मुंग्या त्याला इकडून तिकडे वाहून नेतात. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसणे आणि मुंग्यांची वाट तोडणे, दोन्ही केले तरच तो जातो. कबुतरांवर मात्र जाळीशिवाय उपाय नाही.

फुले हवी असतील तर हिवाळ्यात पाणी अगदी बेताचे ठेवावे, वेल छाटू नये. नवे रोप करायला बी लागत नाही. पेरावरचा मणी खोडापासून न तोडता शेजारच्या दुसऱ्या कुंडीतल्या मातीवर अर्धा टेकवून ठेवावा, हेअरपिनने खोड दाबून धरावे. मुळे धरल्यावर खोड कापले की झाले. एका वेलीची दहा घरे करायला पैसे पडत नाहीत.

याच टोपल्यांच्या शेजारी ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’ नावाची दुसरी आफ्रिकन लोंबती वनस्पती टांगलेली असते आणि पुष्कळ जण दोघींना बहिणी समजतात. तिचे शास्त्रीय नाव क्युरिओ रोलेयानस, कुल झेंडू-सूर्यफुलाचे. तिची वाटाण्यासारखी गोल पाने हेच तिचे पाण्याचे साठे. पानावर एक अर्धपारदर्शक पट्टी असते आणि तिच्यातून उजेड पानाच्या आतपर्यंत जातो. कंद नसल्याने मुंबईच्या दमट पावसाळ्यात ती फार लवकर दगावते. ती विषारीही आहे. घरात मांजर असेल तर ती नको. सेरोपेजिया वुडी चालते.

सह्याद्रीतले कंदीलपुष्प घरी लावावे असे फुलांचे फोटो पाहिलेल्या पुष्कळांना वाटू लागले आहे, आणि पावसाळी ट्रेकला जाताना पिशवीत खुरपे नेणारेही आता दिसतात. ज्या जातीचे सगळे मिळून एक-दोन डोंगर आहेत तिथला एक कंद उपटणे म्हणजे पुढच्या कितीतरी शेंगा उपटणे. चराई, वणवे आणि खाणी आधीच पुरेसे नुकसान करत आहेत. राष्ट्रीय उद्यानातून कोणतीही वनस्पती उपटून नेणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि येऊरचा मोठा भाग उद्यानातच येतो. डोंगरावर भिंग न्यावे, खुरपे नेऊ नये. सापळा जवळून पाहायचा असेल तर शेजाऱ्याच्या ग्रिलवर लोंबणाऱ्या आफ्रिकन वेलीचा एक मणी मागून घ्यावा.